जुनी मोटारबोट घेताना : बूड आधी, मोटार नंतर



जामखेडचा माणूस बोटीवर लेख लिहितो आहे म्हटल्यावर तुमच्यापैकी पुष्कळांना हसू येईल. आपला तालुका बालाघाटाच्या कडेचा, पावसाच्या भरवशावर जगणारा. जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तिथे बोट कशाला, असे कोणीही विचारील. पण गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या शेतकऱ्यांच्या प्रश्नांत बी-बियाणे आणि औषध-फवारणी यांच्या जोडीला हाही प्रश्न येऊ लागला आहे : "साहेब, एक जुनी बोट विकायला आहे. घ्यावी का?"

विचारणारे तीन तऱ्हेचे असतात. पहिले म्हणजे ज्यांची जमीन किंवा सोयरीक उजनीच्या फुगवट्याला आहे असे. आपल्या शेजारच्या कर्जत तालुक्याची दक्षिण कड भीमेला आणि उजनीच्या पाण्याला लागते. त्यापलीकडे करमाळा आणि इंदापूर तर पाण्याच्या दोन्ही अंगांना पसरलेले. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी, आणि त्यातला निम्म्याहून जास्त, सुमारे ६३ टीएमसी, मृतसाठा. उन्हाळ्यात पाणी हटत गेले की वीजपंप, पाइप आणि केबल पाण्याच्या मागे मागे न्यावी लागते. त्या कामाला बोट लागते. दुसरे म्हणजे तलावात मासेमारी करणारे किंवा पिंजऱ्यात मासे वाढवू पाहणारे तरुण. तिसरे म्हणजे गावकारभारी. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला महापूर आला, करमाळा, माढा, मोहोळ भागांतल्या गावांतून माणसे बोटींनी बाहेर काढावी लागली. तेव्हापासून गावाची स्वतःची बोट असावी ही भाषा ऐकू येते.

नवी बोट परवडत नाही म्हणून जुनी पाहायची, हे ठीकच आहे. ट्रॅक्टर जुना घेतो, इंजिन जुने घेतो, तशी बोटही घेता येते. पण ट्रॅक्टर बंद पडला तर तुम्ही खाली उतरून बांधावर बसता. पाण्याच्या मधोमध तशी सोय नाही. म्हणून पहिल्यांदा बोट घेणाऱ्याने काय पाहावे हे आज क्रमाने सांगतो.

मोटारीच्या आवाजाला भुलू नका

बोट दाखवणारा माणूस पहिल्यांदा काय करतो? दोरी ओढून मोटार चालू करून दाखवतो. मोटार फर्रकन चालू झाली, धूर सोडला, पाणी उडाले, की घेणाऱ्याचे मन अर्धे जिंकले जाते. काष्टीच्या बाजारात बैलाच्या शिंगांना रंग, गळ्यात नवी घुंगरमाळ आणि पाठीवर झूल पाहून कोणी जाणता शेतकरी पैसे मोजत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो, खांदा चाचपतो, बैल चालवून पाहतो. बोटीची मोटार ही त्या झुलीसारखी आहे. ती बिघडली तर दुरुस्त होते, बदलता येते, आणि वल्हे जवळ असेल तर तिच्यावाचून काठालाही येता येते. बोटीचे बूड मात्र भर पाण्यात दगा देते तेव्हा तिथे दुरुस्ती नसते.

म्हणून पहिला नियम : बूड आधी पाहावे, मोटार नंतर. आणि दुसरा नियम, जो त्याहून मोठा : कितीही चांगली बोट असली तरी तिच्यात माणसे मोजून बसवावी.

हा दुसरा नियम किती महाग पडतो हे आपल्या राज्याने पाहिले आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात, ब्रह्मनाळ येथे, महापुरातून गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि १७ जण गेले. त्यांत बायका होत्या, मुले होती. बोटीत पेलतील त्याहून जास्त माणसे होती. ती माणसे पुरातून वाचण्यासाठीच त्या बोटीत बसली होती. गावासाठी बोट घेऊ म्हणणाऱ्या प्रत्येक सरपंचाने आणि सदस्याने ही तारीख लक्षात ठेवावी.

आधी काम ठरवा, मग बोट शोधा

कोणत्या पाण्यात, किती ओझे घेऊन, किती लांब जायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहा. छोट्या पाझर तलावात जाळे टाकायचे असेल तर मोटारीची गरजच नाही. वल्ह्यांची हलकी होडी पुरते आणि तेलाचा खर्च वाचतो. शिवाय तलाव पिण्याच्या पाण्याचा असेल, जसा जामखेड शहराला पाणी देणारा भुतवड्याचा तलाव, तर तिथे तेलावरची मोटार पाण्यात उतरवण्याआधी ज्यांच्या ताब्यात तलाव आहे त्यांना विचारलेच पाहिजे. मासेमारीसाठी मत्स्यव्यवसाय विभागाची किंवा तलाव ठेक्याने घेतलेल्या संस्थेची परवानगी हवी. बोट विकत घेऊन मग परवानगी मिळाली नाही, असे होऊ नये.

उजनीसारख्या पसरट पाण्यावर मात्र वारा सुटला की लाट मोठी होते. तिथे अरुंद, उथळ होडी चालणार नाही. रुंद बुडाची, उंच काठांची बोट हवी. पुराच्या कामाला तर वेगळीच बोट लागते. वाहत्या पाण्यात ओंडके, तारा, झाडाच्या फांद्या येतात. त्यासाठी जाड रबरी कापडाची, हवा भरायची बोट बचावपथके वापरतात. फक्त पूर येईल म्हणून वर्षभर झाडाखाली ठेवलेली फाटकी बोट ऐन वेळी गावाला जास्त धोक्यात घालते.

बुडाची परीक्षा

बोट पाहायला सकाळच्या उजेडात जा. ती पाण्यात असताना पाहून सौदा करू नका. काठावर ओढून, कोरडी करून, शक्य असेल तर उलटी करून पाहा. विकणारा "उलटी कशाला करता, चांगलीच आहे" म्हणू लागला तर तिथेच थोडे थांबा.

फायबरची बोट असेल तर पेचकसाच्या लाकडी मुठीने बुडावर वीतवीतभर अंतराने हलके ठोकत जा. मडके घेताना आपण टिचकी मारतो तसे. टणक, स्वच्छ आवाज आला तर थर एकजीव आहेत. भद्द, पोकळ आवाज आला तर थर सुटले आहेत किंवा आत पाणी मुरले आहे. बुडावर फोड दिसतात का पाहा. कोपऱ्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा असतील तर तिथे मार बसलेला असतो. नव्या रंगाखाली ठिगळ आहे का हे बोटीच्या आतून पाहावे. बाहेरून घासून गुळगुळीत करता येते, आतून कोणी तेवढी मेहनत घेत नाही. नुकताच रंग दिलेली बोट दोनदा तपासा.

मागची उभी फळी, जिच्यावर मोटार टांगतात, ती सर्वांत महत्त्वाची. तिच्या पोटात बहुधा लाकूड असते. बोल्टच्या भोकांतून पाणी शिरले की ते आतून कुजते आणि बाहेरून दिसत नाही. टांगलेल्या मोटारीचा खालचा भाग हाताने धरून खालीवर हलवा आणि फळीकडे नजर ठेवा. फळी वाकली, चिरेतून तांबूस पाणी आले, बोल्टभोवती गंजाचे ओघळ असले, तर ती बोट सोडून द्या. चालू मोटार फळीसकट पाण्यात जाते तेव्हा मागे मोठे भगदाड उरते.

लाकडी बोट असेल तर दाभण घेऊन जा. पाणी जिथे साचून राहते तिथे, म्हणजे बुडाच्या सांध्यात, बसायच्या फळ्यांखाली आणि मागच्या कोपऱ्यात, दाभण टोचून पाहा. चांगल्या लाकडात ते टोकापुरते जाते. कुजक्यात लोण्यात गेल्यासारखे जाते. पत्र्याची बोट असेल तर आतल्या बाजूने पाहा, कारण पत्रा आतून खाल्ला जातो. लहान हातोडीने ठोकल्यावर गंजाचे पापुद्रे पडू लागले तर पत्रा पातळ झाला आहे. वेल्डिंगच्या प्रत्येक सांध्यावर बोट फिरवा. हवेची रबरी बोट असेल तर काम सोपे : रात्री पूर्ण हवा भरून ठेवा, सकाळी पाहा. सांधे आणि व्हॉल्व्ह यांवर साबणाचे पाणी लावा. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधता येते त्याला हेही येते. मात्र उन्हात पडून चिकट किंवा चिरलेले रबर असेल तर ठिगळे लावून काही उपयोग नाही.

यानंतर एक रात्र बोट काठाशी पाण्यात बांधून ठेवायला सांगा. सकाळी आत किती पाणी आले ते पाहा. रात्री पाऊस किंवा दव नसताना आत पाणी साचले असेल तर ते कुठून आले हे विकणाऱ्याने दाखवले पाहिजे.

आता सर्वांत मोठा प्रश्न, जो पहिल्यांदा घेणारा कधीच विचारत नाही : ही बोट पाण्याने भरली तर तरंगते की तळाला जाते? चांगल्या बोटीत बसायच्या फळ्यांखाली हवाबंद कप्पे असतात किंवा फोम भरलेला असतो. बोट पूर्ण भरली तरी ती काठोकाठ तरंगत राहते आणि माणसांना धरायला आधार उरतो. पत्र्याची बोट अशा कप्प्यांवाचून असेल तर दगडासारखी जाते. ही परीक्षा मोटार काढून, कमरेइतक्या पाण्यात, बोटीला दोर बांधून घेता येते. बोट बुडत असेल तर हवाबंद प्लॅस्टिकचे पिंप दोन्ही अंगांना पक्के बांधून घेण्याचा खर्च किमतीत धरा. फोम असेल तर तो भिजलेला नाही ना तेही पाहा. भिजलेला फोम तरंगवत नाही, उलट बोट जड करतो.

किती माणसे? एक साधा हिशेब

बोटीवर किंवा तिच्या कागदांत माणसांचा आकडा लिहिलेला असेल तर तोच खरा. तो नसेल तर लहान बोटीसाठी एक अडाखा आहे. बोटीची लांबी फुटांत, तिला रुंदीने गुणा, आलेल्या आकड्याला १५ ने भागा. १५ फूट लांब आणि ५ फूट रुंद बोट असेल तर ७५ भागिले १५, म्हणजे ५ माणसे. हा आकडा शांत पाण्याचा, आणि चालवणारा त्यातच मोजायचा. वारा असेल तर त्याहून कमी. सामान असेल तर माणसे वजा करा. डीएपीच्या तीन गोण्या म्हणजे १५० किलो, म्हणजे दोन माणसे उतरली. पाच अश्वशक्तीचा पंप, पाइप आणि केबल चढवली की बोटीत चालवणारा आणि एक मदतनीस एवढेच राहतात. भरलेल्या बोटीचा काठ चारी बाजूंनी पाण्यापासून निदान फूटभर वर राहिला पाहिजे.

जुन्या बोटीवर कोणी मजला चढवला असेल, काठ वेल्डिंग करून उंच केले असतील, छप्पर घातले असेल, तर ती मुळीच घेऊ नका. वरचे वजन वाढले की बोट कलंडते. केरळात तानूर येथे ७ मे २०२३ रोजी मूळ मासेमारीची बोट बदलून केलेली सहलीची बोट जास्त माणसे घेऊन उलटली आणि २२ जण बुडाले. बोट ज्या कामाला बांधली त्याच कामाला ती चांगली.

आता मोटार

मोटार दोन तऱ्हेची. एक मागच्या फळीवर टांगायची, पेट्रोलवर किंवा रॉकेलवर चालणारी. दुसरी बोटीत बसवलेले डिझेल इंजिन, ज्याचा दांडा बुडातून किंवा मागून पाण्यात जातो. दुसरी तुमच्या ओळखीची आहे. विहिरीवर इंजिन चालवलेल्या माणसाला धूर, तेल, ठोका कळतो. एक जादा गोष्ट पाहावी : दांडा बुडातून जिथे बाहेर पडतो तिथे पंपासारखीच ग्लँड असते. तिच्यातून एखादा थेंब पडला तर चालेल, धार लागली तर नाही. आत पट्टा किंवा फिरता दांडा उघडा असेल तर त्यावर झाकण हवेच. साडीचा पदर, धोतराचा सोगा आणि मुलांचे हात यांचा विचार करून ते बसवून घ्या.

टांगायच्या मोटारीची परीक्षा अशी. पोचल्या पोचल्या मोटारीला हात लावा. ती गरम लागली तर तुम्ही येण्याआधी चालवून ठेवली आहे. गार मोटार किती ओढींत चालू होते हे तुम्हाला पाहायचे आहे. तेव्हा चहा घ्या, तास-दोन तास जाऊ द्या आणि मग चालू करायला सांगा. कोरड्या जागी मोटार कधीही चालू करू देऊ नका. थंड करणाऱ्या पाण्याच्या पंपात रबरी पंखा असतो, तो पाण्यावाचून थोड्या वेळात जळतो. मोटार चालू झाली की मागच्या बारीक छिद्रातून पाण्याची सलग धार पडली पाहिजे. धार नसेल तर मोटार तापून जाम होणार.

खालच्या गियरच्या कप्प्याचा स्क्रू सोडवून थोडे तेल काढायला लावा. तेल दुधाळ किंवा राखाडी निघाले तर आत पाणी शिरते आहे. पंख्याची पाती तुटलेली आहेत का, दांडा वाकलेला आहे का, हे हाताने फिरवून पाहा. पंखा काढून त्यामागे जाळ्याचा नायलॉन दोरा गुंडाळलेला नाही ना हे बघा. तो दोरा ऑइल सील कापतो आणि त्यातूनच पाणी आत जाते.

बोट कोकणातून आली असेल तर तिने खारे पाणी खाल्ले आहे हे धरून चाला. झाकण काढून बोल्ट आणि वायरींच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी दिसते का पाहा. टू-स्ट्रोक मोटारीत पेट्रोलमध्ये तेल कोणत्या प्रमाणात घालायचे ते बनवणाऱ्याच्या पुस्तिकेवरून विचारून घ्या, अंदाजाने घालू नका. बहुतेक मोटारींना एक लाल दोरी असते. ती चालवणाऱ्याच्या मनगटाला अडकवायची. माणूस पाण्यात पडला की दोरी निसटते आणि मोटार आपोआप बंद होते. ती दोरी हरवली असेल तर नवी घेतल्याखेरीज बोट चालवू नका, कारण चालवणारा पडल्यावर गोल फिरणारी मोकळी बोट त्याच्याच अंगावर येते.

आणि सुटे भाग? ट्रॅक्टरचा फिल्टर तालुक्याच्या बाजारात मिळतो, या मोटारीचा मिळेलच असे नाही. कोणता मिस्त्री ती दुरुस्त करतो, भाग कुठून येतात, हे फुगवट्याच्या गावांतल्या मच्छीमारांना विचारा. ते ज्या बनावटीची मोटार वापरतात तीच घ्यावी. बूड पेलेल त्याहून मोठी मोटार घेऊ नका. जादा ताकद मागच्या फळीलाच तोडते.

पाण्यावर चालवून पाहा

काठावरची परीक्षा झाली की विकणाऱ्याला बरोबर घेऊन पाण्यावर जा. तुम्हीही आणि त्यानेही जाकीट घालावे. तुमच्या रोजच्या कामाइतके वजन चढवा, रिकामी बोट सगळ्यांचीच पळते. वाऱ्याच्या दिशेला आणि वाऱ्याच्या विरुद्ध, दोन्हीकडे चालवा. दोन्ही अंगांना वळवा. मग मोटार बंद करा आणि वल्ह्याने काठाला या. हे जमले नाही तर ती बोट तुमच्यासाठी जड आहे. परत आल्यावर बुडात किती पाणी साचले ते बघा.

फुगवट्यात एक गोष्ट विसरू नका. उजनीच्या पाण्याखाली जुनी गावे, झाडे, विहिरी आणि बांध आहेत. पळसदेवचे जुने देऊळ पाणी उतरले की वर येते हे तुम्ही ऐकले असेल. तशीच न दिसणारी खोडे आणि दगड पाण्याच्या वीतभर खाली असतात. पाण्यात सोडलेल्या केबल आणि पाइप तर गावोगाव आहेत. पाणी हटते तसा रोजचा रस्ता बदलतो. जलपर्णी पंख्यात अडकली तर आधी मोटार बंद, मग हात.

कागद पाहिल्याखेरीज पैसे नकोत

"आमच्याकडे कागद कोण मागतो" असे विकणारा म्हणेल. मागणारे आहेत. २०२१ साली देशात नवा अंतर्देशीय जलयान कायदा झाला आणि १९१७ चा जुना कायदा गेला. मोटारीवर चालणाऱ्या बोटीची पाहणी, नोंदणी आणि विमा या गोष्टी या कायद्यात आहेत. आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे येते. तुमच्या बोटीला नेमके काय लागू होते ते तिथे विचारून घ्या, विशेषतः भाड्याने माणसे नेण्याचा विचार असेल तर. कोकणातल्या मासेमारी बोटीवर नोंदणीचा क्रमांक लिहिलेला असतो. तो क्रमांक, कागदावरचा क्रमांक आणि विकणाऱ्याचे नाव जुळले पाहिजे. मोटारीवरचा क्रमांकही बिलाशी ताडून पाहा. क्रमांक घासलेला असेल तर हात जोडून परत या.

भीमेच्या पट्ट्यात आणखी एक धोका आहे. वाळू उपसणाऱ्या बोटींवर महसूल खाते धाडी घालते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली अशा बोटी आणि यंत्रे जप्त होतात, बोटी फोडून बुडवल्याही जातात. धाडीच्या भीतीने अशी बोट स्वस्तात विकायला निघते. घेणारा समजतो की लॉटरी लागली. पुढे तीच बोट त्याच्या दारातून जाते, वर चौकशीही मागे लागते. फारच स्वस्त बोट दिसली तर ती आधी काय करत होती हे चार गावांत विचारा.

बोटीवर बँकेचे किंवा सोसायटीचे कर्ज आहे का, ती सरकारी अनुदानातून घेतलेली आहे का, हेही पाहा. अनुदानातल्या वस्तू विकायला अटी असतात. सौदा झाला तर मुद्रांक कागदावर लिहून घ्या : बोटीची लांबी-रुंदी, मोटारीचा क्रमांक, बरोबर दिलेले सामान, किंमत, तारीख, दोन साक्षीदार. आणि नाव बदलून घेण्याचे काम त्याच महिन्यात करा.

किमतीबाहेरचा खर्च

तुमच्याजवळ जेवढे पैसे आहेत तेवढ्या किमतीची बोट घेऊ नका. ठरवलेल्या रकमेतला निदान चौथा हिस्सा बाजूला ठेवून उरलेल्यात बोट बसवा. त्या चौथ्या हिश्शात या वस्तू येतात : बोटीत बसणाऱ्या प्रत्येकासाठी जाकीट, दोन वल्ही, दोर आणि नांगर, पाणी उपसायला डबा, शिट्टी, टॉर्च, पेट्रोलसाठी पक्क्या झाकणाचा कॅन आणि एक लहान अग्निशामक. बोटीबरोबर जुनी जाकिटे फुकट मिळतात, त्यांवर विश्वास टाकू नका. पट्टा ओढून पाहा, शिवण पाहा, आणि उथळ पाण्यात अंगात घालून तरंगून पाहा. मोठ्याचे जाकीट मुलाला घातले तर मूल खालून निसटते. मुलासाठी मुलाच्या मापाचेच हवे.

२१ मे २०२४ ची संध्याकाळ उजनीकाठची माणसे विसरलेली नाहीत. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले, त्यांत दोन लहान मुले होती. रस्त्याने मोठा फेरा पडतो म्हणून लोक अशी वाट धरतात, त्यात त्यांचा काही दोष नाही. पण जाकीट अंगात असते तर बुडत्याला वेळ मिळतो, आणि पाण्यात वेळ मिळणे म्हणजेच जीव वाचणे. एप्रिल-मेमध्ये वळवाचा वारा दुपारनंतर उठतो. त्या दिवसांत पाण्यावरची कामे सकाळीच उरकावी. आभाळ भरून आले तर बोट सोडू नये. वारा वाटेतच गाठेल तर सर्वांनी बुडाशी खाली बसावे, कोणी उभे राहू नये, लाट आडवी न घेता बोटीच्या तोंडावर घ्यावी. आणि उलटलीच तर तरंगणारी बोट सोडून पोहत निघू नये, तिला धरून राहावे.

भगिनींनो, शेवटची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. बोटीचा सौदा पुरुष मंडळी करतील, पण पलीकडच्या रानात खुरपायला, लग्नाला, माहेराला त्या बोटीत तुम्ही आणि तुमची मुले बसणार आहात. पदर खोचून, त्यावरून जाकीट घालून, पट्टे आवळल्याशिवाय बोटीत पाय ठेवू नका. चालवणारा घरचा असला, "एवढ्याशा पाण्यात कशाला" म्हणाला, तरी नाही. बोट भरली असेल तर काठावर थांबा आणि दुसऱ्या खेपेला जा. खेप आणखी एक करावी लागली तर तेल थोडे जास्त जळेल, एवढेच.

बोट घ्यायची ठरवलीच असेल तर हे पान कापून खिशात ठेवा, दाभण आणि पेचकस बरोबर घ्या, आणि फुगवट्याच्या गावातला एखादा जुना मच्छीमार सोबत न्या. त्याला दिलेली एका दिवसाची मजुरी ही त्या सौद्यातली सर्वांत स्वस्त रक्कम ठरेल.